मतदार यादी निवडणुकीच्या आठवड्यात दुरुस्त होत नसते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मतदार याद्यांच्या घोळाच्या बातम्या २०२५ च्या नोव्हेंबरात रोज येत होत्या. १ नोव्हेंबरला विरोधी पक्षांनी मुंबईत मोर्चा काढला. २० नोव्हेंबरला महापालिकांच्या प्रभागनिहाय प्रारूप याद्या लागल्या आणि एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ३३ हजार नावे एकाहून अधिक वेळा, मिळून ११ लाखांवर नोंदींत आल्याचे समजले. हरकतींची मुदत २७ नोव्हेंबरवरून ३ डिसेंबरपर्यंत वाढवली, तीही संपली. लोक दोन गटांत वाटले गेले आहेत. एक गट याला मतचोरी म्हणतो, दुसरा हरलेल्यांची रड. मला दोघांनाही एकच विनंती करायची आहे, की यादी बिघडते कशी ते आधी नीट पाहू. ती बिघडते निवडणूक नसलेल्या वर्षांत, घराघरांतून आणि सेवा केंद्रांच्या टेबलावरून. कायद्याने तिला कुलूप लागले, की मग आपण सगळे तिच्याकडे धावतो.

सुरुवात फॉर्मपासून करतो, कारण निम्मे दुखणे तिथेच आहे. १ ऑगस्ट २०२२ पासून फॉर्म ६ हा फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. घर बदलले, गाव बदलले, मतदारसंघ बदलला, नावात वा वयात चूक आहे, कार्ड हरवले, दिव्यांग म्हणून नोंद हवी आहे, या सगळ्यासाठी फॉर्म ८. पूर्वी मतदारसंघातल्या मतदारसंघात जागा बदलायला ८-अ हा वेगळा फॉर्म होता, तो आता ८ मध्येच विलीन झाला आहे. फॉर्म ८ भरून स्थलांतर केले की ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो, नव्या ठिकाणी नोंद होते आणि जुन्या ठिकाणची निघते. फॉर्म ६ भरला तर जुन्या नोंदीला कुणी हातही लावत नाही. नवा क्रमांक पडतो, नवे कार्ड येते आणि तो माणूस त्या क्षणी दुबार होतो.

मग लोक ६ का भरतात? कारण ८ मध्ये जुना ओळखपत्र क्रमांक मागतात आणि जुने कार्ड कुठल्या तरी ट्रंकेत, नाहीतर गावी भावाकडे असते. सेवा केंद्रावरचा मुलगा म्हणतो, नवीनच भरून टाकू, पटकन होईल. होतेही पटकन. पण फॉर्म ६ च्या शेवटी जे प्रतिज्ञापन आहे ते बहुतेकांनी वाचलेले नसते. मी पहिल्यांदाच अर्ज करतो आहे आणि माझे नाव कुठल्याही यादीत नाही, असे त्यात लिहिलेले असते. जुने नाव असताना त्याखाली सही करणे म्हणजे खोटे निवेदन. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३१ नुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. इतका गंभीर कागद आपल्याकडे झेरॉक्स काढायच्या घाईत भरला जातो. ओळखपत्र क्रमांक सापडत नसेल तर नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, वय आणि जिल्हा टाकून केंद्रीय निवडणूक आयोगाच्या शोध-पृष्ठावर तो मिळतो. १९५० या हेल्पलाइनवर विचारता येते. पाच मिनिटांचे काम आहे.

लग्न होऊन गेलेल्या मुलींचे तर घरटी उदाहरण सापडेल. माहेरी अठराव्या वर्षी नाव लागले, वडिलांच्या नावासह. लग्न झाल्यावर सासरी नव्याने नोंद झाली, आडनाव बदललेले आणि वडिलांच्या जागी पतीचे नाव. आता संगणकाला या दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत हे कशावरून कळावे? आडनाव जुळत नाही, नातेवाइकाचे नाव जुळत नाही, पत्ता जुळत नाही. उरतात जन्मतारीख आणि फोटो. जन्मतारखेच्या जागी जुन्या नोंदींत नुसते वय आहे, आणि फोटो एक अठराव्या वर्षीचा, एक तिशीतला. ही नावे दुबारच्या कुठल्याच यादीत येत नाहीत, पण दुबार असतात.

उलट प्रकारही तितकाच आहे. शिंदे, पवार, जाधव, पाटील ही आडनावे आणि सुनीता, संगीता, संजय, राजेंद्र ही नावे घेतली, तर कोट्यवधींच्या मुंबईत एकाच नावाची शंभर वेगळी माणसे निघतील. नुसते नाव जुळवून यंत्राने दाखवलेला आकडा हा तपासायच्या नोंदींचा आकडा आहे. तो बोगस मतदारांचा आकडा म्हणून छापला जातो तेव्हा प्रामाणिक माणसाच्या नावापुढे विनाकारण डाग लागतो. २०२५ च्या या याद्यांत राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे दिले. तारे म्हणजे गुन्हा नव्हे, हे आपल्या वार्ताहरांनी ठळकपणे लिहिले पाहिजे. अशा मतदाराने कोणत्या केंद्रावर मत देणार ते लिहून द्यायचे होते. ज्यांच्याशी संपर्क झाला नाही त्यांच्याकडून मतदानाच्या दिवशी केंद्रावर हमीपत्र घ्यायचे आणि ओळख काटेकोर तपासायची, असे ठरले होते. तारा दिसला म्हणून घाबरून घरी बसू नये. ओळखपत्र घेऊन थोडे लवकर जावे, कारण त्या कागदाला वेळ लागतो.

एक बारकावा मराठी लिपीचा आहे, त्याकडे कुणी पाहत नाही. ऑनलाइन अर्जात नाव इंग्रजीत टाइप केले की मराठी नाव आपोआप उमटते. त्यात ळ चा ल होतो, ण चा न होतो. काळे चे काले, कोळी चे कोली, चव्हाण चे चव्हान. अर्जदार किंवा केंद्रचालक मराठी रकाना वाचत नाही, तसाच पुढे पाठवतो. परिणाम दुहेरी होतो. काळे आणि काले या एकाच माणसाच्या दोन नोंदी जुळवणीतून सुटतात आणि मतदानाच्या दिवशी आपले नाव शोधणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते सापडत नाही. अर्ज पाठवण्यापूर्वी मराठी रकाना हाताने दुरुस्त करता येतो. दुरुस्त केलाच पाहिजे.

आता चाकरमान्यांविषयी. हा विषय नाजूक आहे, तरी लिहितो. कोकणात, साताऱ्याच्या डोंगरी भागात, जुन्नर-आंबेगावकडे असंख्य घरांची नावे गावच्या यादीतही आहेत आणि मुंबई-ठाण्याच्या यादीतही. त्यामागे बहुतेकदा लबाडी नसते. गणपतीला, शिमग्याला माणूस गावी असतो, घरपट्टी भरतो, गावच्या देवळाच्या वर्गणीत त्याचे नाव असते, मग यादीत का नको, असे त्याला मनापासून वाटते. पण कायदा यात स्पष्ट आहे. कलम १७ नुसार एकाहून अधिक मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, कलम १८ नुसार एकाच मतदारसंघात दोनदा ठेवता येत नाही आणि कलम २० सांगते की केवळ घर मालकीचे आहे एवढ्याने माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. गावाशी नाते सातबाऱ्यावर राहील, घरावर राहील, देवळात राहील. यादीतले नाव मात्र जिथे आपण रोज झोपतो तिथेच असायला हवे. २०२५ मध्ये बहुतेक नगरपरिषदांचे मतदान २ डिसेंबरला झाले आणि महापालिकांचे त्यानंतर वेगळ्या दिवशी, म्हणजे मधल्या काळात बोटावरची शाईसुद्धा पुसट होते. ज्याचे नाव दोन्हीकडे आहे त्याने स्वतःहून एक काढावे. एकाच निवडणुकीत दोनदा मत दिले तर तो गुन्हा होतोच. शिवाय लोकसभा-विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चे कलम ६२ असे आहे की एकाहून अधिक ठिकाणी दिलेली सगळीच मते बाद ठरतात.

मृतांच्या नावांवर सगळ्यात जास्त संताप होतो. वारलेले आजोबा यादीत आणि जिवंत नातू यादीबाहेर, हे चित्र कुणालाही चीड आणणारे आहे. पण कारण पाहा. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. गावचा माणूस पुण्याच्या रुग्णालयात गेला तर नोंद पुणे महापालिकेत होणार, २१ दिवसांच्या आत. गावच्या ग्रामपंचायतीच्या मृत्यू रजिस्टरला ती लागत नाही आणि बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) बाई ते रजिस्टर पाहूनच नावे काढतात. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने ही माहिती मतदार यादीसाठी एकत्र मिळण्याची वाट मोकळी झाली आणि मे २०२५ मध्ये केंद्रीय निवडणूक आयोगाने ती थेट घेण्याचे जाहीर केले. तरी मागची वीस वर्षे तशीच पडून आहेत. ती घरच्यांनीच निस्तरायची आहेत. फॉर्म ७ भरायचा, मृत्यू दाखल्याची प्रत जोडायची. एक अट लक्षात ठेवावी. फॉर्म ७ भरणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. मुलगा पुण्याचा मतदार असेल तर त्याचा अर्ज चालणार नाही. गावातल्या चुलत्याने किंवा शेजाऱ्याने भरावा, नाहीतर दाखल्याची प्रत बीएलओंच्या हातात द्यावी. मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना कलम २२ खाली स्वतःहूनही नाव काढता येते. दहाव्या-बाराव्याच्या धामधुमीत हे कुणाला सुचणार नाही, हे खरे. पण वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जातोच, त्याच फेरीत तहसीलच्या निवडणूक शाखेत एक प्रत देऊन यावे.

फॉर्म ७ ची दुसरी बाजू मात्र भीती वाटावी अशी आहे. हाच फॉर्म कुणाचे तरी जिवंत नाव कापायलाही वापरता येतो. आपल्या सोलापूरला लागून असलेल्या कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी नावे वगळण्याचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत २४ खरे निघाले, बाकीचे ५,९९४ फेटाळले गेले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. म्हणजे पडताळणी झाली म्हणून लोक वाचले. ती झाली नसती तर? सप्टेंबर २०२५ पासून ऑनलाइन अर्जाला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन ई-स्वाक्षरी लागते, हे चांगलेच झाले. कागदी अर्जांसाठीही नियम आहे. गठ्ठ्याने अर्ज घ्यायचे नाहीत, राजकीय पक्षाचा बूथ प्रतिनिधी एका दिवसात बीएलओंकडे १० पेक्षा जास्त अर्ज देऊ शकत नाही आणि एकूण ३० च्या वर गेले तर नोंदणी अधिकाऱ्याने ते स्वतः तपासायचे. हा नियम किती ठिकाणी पाळला जातो ते तालुका वार्ताहरांनी विचारावे. माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरेल.

नाव वगळण्याआधी नोटीस देणे आणि म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे. घोटाळा नोटिशीतच होतो. ती यादीतल्या पत्त्यावर जाते, तिथे माणूस नसतो, सुनावणीला कुणी येत नाही आणि नाव निघते. ज्याच्या हातात अशी नोटीस पडेल त्याने ती कधीही बाजूला ठेवू नये. तारखेला आधार, वीजबिल, जे असेल ते घेऊन जावे आणि आदेशाची प्रत मागावी. निर्णय विरुद्ध गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिले अपील आणि त्यावरही समाधान झाले नाही तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे. आदेशाची प्रत हातात नसेल तर हे दिवस मोजायचे कुठून, म्हणून प्रत महत्त्वाची.

स्थलांतरित म्हणून नाव कापण्याचा सगळ्यात मोठा अन्याय ऊसतोड कामगारांवर होऊ शकतो. बीड, जालना, अहिल्यानगरच्या गावांतून दिवाळी झाली की कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. कोल्हापूर, सांगली, सातारा, पलीकडे कर्नाटक. मार्चपर्यंत घराला कुलूप, नाहीतर घरात म्हातारी आणि शाळेतली पोरे. या दिवसांत कुणी दारात येऊन कुलूप पाहिले आणि 'कायमचे स्थलांतर' असा शेरा मारला तर तो बेकायदा आहे. कलम २० मध्ये स्पष्ट लिहिले आहे की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस रहिवासी असण्याचे थांबत नाही. मुंबईत पुनर्विकासाला गेलेल्या चाळींचेही असेच. इमारत पाडली म्हणून त्यातले मतदार नाहीसे होत नाहीत. मात्र संक्रमण शिबिरात वा भाड्याच्या घरात वर्षानुवर्षे राहायचे असेल तर त्यांनी फॉर्म ८ भरून नव्या पत्त्यावर यावे, म्हणजे जुन्या जागेवर बीएलओंना पत्रे आणि खड्डा पाहून शेरा मारायची वेळ येणार नाही.

महापालिकेच्या याद्यांचा घोळ आणखी वेगळा आहे आणि त्यात मतदाराचा काहीच दोष नाही. राज्य निवडणूक आयोगाची स्वतःची यादी नसते. विधानसभेची यादी घ्यायची आणि प्रभागांत फोडायची. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी घेतली. म्हणजे ऑगस्टमध्ये ज्यांचे नाव लागले, ओळखपत्रही आले, ते या निवडणुकीच्या यादीत नव्हते. 'कार्ड आहे पण नाव नाही' या तक्रारीतली कितीतरी माणसे या तारखेच्या पलीकडची असतात. त्यांना हे कुणी आधी सांगितले असते तर निम्मा मनस्ताप वाचला असता.

फोडण्याचे काम कसे होते तेही पाहण्यासारखे आहे. प्रभाग आखले जातात २०११ च्या जनगणनेच्या प्रगणक गटांवरून (जनगणनेसाठी पाडलेले घरांचे गट). विधानसभेची यादी असते मतदान केंद्रनिहाय भागांत. गटाची हद्द आणि भागाची हद्द जुळत नाही, त्यामुळे एका भागातली काही घरे एका प्रभागात आणि काही दुसऱ्यात जातात. कर्मचाऱ्याच्या हातात असतो तो यादीतला पत्ता, आणि पत्ता काय, तर घर क्रमांक शून्य, किंवा नुसते 'मारुती मंदिराजवळ'. अशा वेळी तो सगळा विभाग एका प्रभागात टाकतो आणि रस्त्याच्या एका बाजूची तीनशे माणसे शेजारच्या प्रभागात जातात. इथे हरकत घ्यायची असते ती 'नाव चुकीच्या प्रभागात आहे' एवढीच. नवे नाव घालणे, कायमचे वगळणे या गोष्टी त्या टप्प्यावर होत नाहीत, विधानसभेच्या यादीत असलेले नाव प्रभागात सुटले असेल तर घेता येते आणि लेखनाची चूक सुधारता येते. हजारो हरकती फेटाळल्या गेल्या म्हणून आरडाओरडा होतो, पण त्यातल्या पुष्कळ हरकती चुकीच्या दारात ठोठावलेल्या असतात. आणि सोसायटीच्या वतीने एकच अर्ज, मागे दोनशे सह्या, असे न करता यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासह तक्ता द्यावा. तक्ता दिला की पाहणारा माणूस घरे मोजू शकतो.

विधानसभा-लोकसभेच्या यादीला कुलूप कधी लागते, हे तर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहायला हवे. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर निवडणूक संपेपर्यंत यादीत काहीही घालता वा काढता येत नाही, कलम २३ मध्ये ते आहे. अर्ज आला की तो किमान सात दिवस हरकतीसाठी सूचना फलकावर ठेवावा लागतो. म्हणून शेवटच्या तारखेआधी साधारण दहा दिवस आत आलेला अर्जच निकाली निघू शकतो. प्रचाराचा नारळ फुटल्यावर यादी मागणाऱ्या कार्यकर्त्याने हे गणित मनाशी करावे.

यादी वाचायची कशी, तेही थोडे सांगतो. एका पानावर तीस चौकटी, तीन उभ्या रांगा आणि दहा आडव्या. प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, ओळखपत्र क्रमांक, नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग. ज्या चौकटीवर आडवा शिक्का आहे ते नाव वगळलेले. पुरवणीत त्याच्यापुढे इंग्रजी अक्षर असते. ई म्हणजे मृत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार, एम म्हणजे सापडत नाही, क्यू म्हणजे अपात्र. चौकोनी जाळीची (#) खूण असेल तर त्या नोंदीत दुरुस्ती झाली आहे. बहुतेक लोक मूळ यादी पाहतात आणि पुरवणी पाहतच नाहीत. नवीन नावे, वगळलेली नावे सगळी मागच्या पुरवणीत असतात. केंद्रावर बाराशे मतदार धरले तर चाळीस पाने होतात. एका नावाला चार सेकंद दिले तर दीड तासाच्या आत भाग वाचून होतो. त्यासाठी आळीतला एक जुना माणूस आणि पेन्सिल घेतलेला एक तरुण बसला तरी पुरे. जुना माणूस सांगतो, हे वारले, ही नांदायला गेली, हे घर विकून गेले, हा माणूस आमच्यात कधीच नव्हता. शेवटचे वाक्य सगळ्यात मोलाचे. संगणकाने शोधता येत नाही ते तिथे सापडते. एका चौकटीत घर क्रमांक चौदा आणि त्याच घर क्रमांकावर तीस-चाळीस वेगवेगळ्या आडनावांचे मतदार दिसले, तर तिथे जाऊनच पाहावे लागेल. वसतिगृह असेल, मजुरांची खोली असेल, किंवा खरोखर बनवेगिरी असेल.

ग्रामीण भागात याला चावडी वाचन म्हणतात आणि यादीच्या पुनरीक्षणाच्या (फेरतपासणीच्या) काळात ते व्हावे अशी पद्धत आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे रूढ दिवस. त्या दिवशी विषयपत्रिकेत 'मतदार यादी वाचन' हा विषय ग्रामस्थांनी आग्रहाने घालून घ्यावा आणि वाचन झाल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. शहरात हे काम गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभेत होऊ शकते. मान्यताप्राप्त पक्षांना यादीच्या प्रती विनामूल्य मिळतात आणि प्रत्येक केंद्रावर एक प्रतिनिधी नेमण्याचा त्यांना अधिकार आहे. सत्तेतले असोत की विरोधातले, आपल्या तालुक्यात किती केंद्रांवर असा प्रतिनिधी नेमला आहे ते त्यांनी नावानिशी जाहीर करावे. मोर्चाला येणाऱ्या माणसांतले दर केंद्रामागे दोघे जरी वर्षातून दोनदा यादी घेऊन बसले असते, तरी यंदाच्या बातम्या वेगळ्या असत्या, असे माझे ठाम मत आहे.

याचा अर्थ प्रशासनाची जबाबदारी संपते असा मुळीच नाही. बीएलओ म्हणजे कोण, तर अंगणवाडी सेविका, प्राथमिक शिक्षक, पालिकेचा कारकून. आपले मूळ काम सांभाळून हजार-बाराशे मतदारांच्या दारात जायचे. मानधन वर्षाला ६ हजार होते, ते ऑगस्ट २०२५ मध्ये १२ हजार झाले, म्हणजे महिन्याला हजार रुपये. या पैशात आणि या वेळात तीनदा घरी जाऊन पडताळणी होत नाही, मग ती टेबलावर होते. त्यांना निदान यादीच्या कामाचे दिवस शाळेतून आणि अंगणवाडीतून लेखी मोकळे मिळाले पाहिजेत.

हे सगळे आज लिहायचे कारण पुढे मोठे काम येऊ घातले आहे. शेजारी गोव्यात ४ नोव्हेंबर २०२५ पासून विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे घरोघरी अर्ज भरून यादीची नव्याने तपासणी, सुरू झाले आणि गणना अर्जांची मुदत ११ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. हे काम देशभर करायचे केंद्रीय निवडणूक आयोगाने ठरवले आहे, म्हणजे आपली पाळी येणारच. बिहारमध्ये ते आधी झाले. १ ऑगस्ट २०२५ च्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. कुणाचे नाव कोणत्या कारणाने गेले हे लोकांना कळत नव्हते. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले तेव्हा ती नावे कारणांसह जाहीर झाली. ८ सप्टेंबरला न्यायालयाने आधार हा ओळखीचा बारावा दस्तऐवज म्हणून घ्यायला सांगितला. महाराष्ट्रात या गोष्टींसाठी कुणाला न्यायालयात जावे लागू नये. वगळलेल्या नावांची भागनिहाय यादी, प्रत्येकापुढे कारण लिहून, मतदान केंद्राच्या भिंतीवर पहिल्या दिवसापासून लागलीच पाहिजे. ऊसतोडीच्या हंगामात हे काम काढू नये आणि काढलेच तर साखर कारखान्यांच्या स्थळावर, कामगारांच्या तळांवर अर्ज भरून घेण्याची सोय करावी. मृत, स्थलांतरित आणि दुबार यांत कुठल्या नावाला कुठला शेरा मारला हे बीएलओंनी सहीनिशी लिहावे. आयोगाने यादी शोधता येईल अशा स्वरूपात द्यावी ही मागणी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही, खासगी माहितीचा मुद्दा त्यात होता, तो मला समजतो. पण मग निदान भिंतीवरचा कागद तरी स्पष्ट, वाचता येईल असा असावा. बाहेर पावसात भिजलेला, दाराआड चिकटवलेला नको.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या वर्षातल्या चार अर्हता तारखा, म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात त्या तारखा, आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, हे कितीतरी महाविद्यालयांत माहीत नाही. प्रत्येक अर्हता तारखेच्या महिनाभर आधी आपल्या जिल्हा पानावर एक चौकट छापावी. फॉर्म ६ कुणासाठी, ७ कुणासाठी, ८ कुणासाठी, तहसीलच्या निवडणूक शाखेची वेळ आणि पत्ता. पत्त्याच्या पुराव्याला काय चालते तेही त्यात असावे. आधार, बँक किंवा पोस्टाचे पासबुक, पासपोर्ट, किमान वर्षभराचे पाणी, वीज वा गॅसचे बिल, जमिनीचा महसुली उतारा, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत. बिल आई-वडिलांच्या वा जोडीदाराच्या नावे असले तरी चालते, आणि भाडेकरूंना नेमके हेच कुणी सांगत नाही. चौकट अशी आधी आली तर त्या तारखेला अठरा पूर्ण करणारी मुले वेळेत अर्ज करू शकतील.

आपला नियमित वाचक,
कराड